मुदत

रविवार पेठेतल्या हेड ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल होतं: पैसा येतो कुठून, त्याचं.
पैसा जातो कुठे त्याचं टेबल खिडकीशी, एसीखाली.
पेढे तिथे यायचे.
माझ्याकडे चहा, तोही फिरून फिरून गार झालेला.

खाली काउंटरला तात्या खळदकर, पिग्मीवाले.
रेक्झिनची पिशवी, बोटाला रबरी टोपी,
मंडई, बोहरी आळी, तपकीर गल्ली
रोज, रविवार सोडून.
वीस. पन्नास. दिवाळीत शंभर.
हसीना तांबोळीच्या नोटांना कोथिंबिरीचा वास,
कुलपं दुरुस्त करणाऱ्या घोडक्यांच्या नोटा तेलकट.
कॅशियर नाक मुरडायचा, पण मोजायचा.

साहेब म्हणाले, हे महाग पडतं.
वीस रुपयांसाठी एक माणूस दारोदार,
वर त्याचं कमिशन.
मग फोन सुरू झाले.
एक ट्रस्ट, दोन पतसंस्था, एक कारखाना चाकणचा.
एका फोनमध्ये चाळीस कोटी,
पाव टक्का जास्त द्या, नव्वद दिवस, बस.
तेही कमी पडलं तर संध्याकाळी उसने घ्यायचे,
सकाळी फेडायचे,
आणि सकाळचे फेडले म्हणून संध्याकाळी पुन्हा.
वर्षभर आम्ही एकेका रात्रीवर काढलं
आणि अहवालात त्याला म्हटलं वाढ.

तिकडे पुनावळ्यात टॉवर चढत होता.
बारा वर्षांचं कर्ज.
स्लॅब सुकायला अठ्ठावीस दिवस लागतात,
फ्लॅट विकायला देव जाणे.

माझ्याकडे एक तक्ता असायचा.
आडवे रकाने, मुदतीचे:
पहिले चौदा दिवस, मग अठ्ठावीस, मग तीन महिने,
असं करत पार पाच वर्षांपलीकडे.
पलीकडे सगळं छान होतं.
पलीकडे आम्ही श्रीमंत होतो.
पहिल्या रकान्यात एक आकडा कंसात,
दर महिन्याला थोडा जाडा.
मी त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची.
सही करताना साहेब ती रेघ खोडायचे,
रबर माझंच मागून.

बुधवारी पेपरात बातमी आली.
आमची नव्हे. भलत्याच गावची, भलत्याच बँकेची.
अकराला ट्रस्टचा फोन.
"नूतनीकरण नको, मॅडम. काही विशेष नाही."
किती गोड बोलत होते.
बाराला पतसंस्था, सव्वाबाराला दुसरी.
तीन वाजता ज्यांच्याकडून रोज घ्यायचो
ते म्हणाले, आज जमणार नाही,
आणि मॅचचा स्कोअर विचारला.

कोणी ओरडलं नाही. काच फुटली नाही.
खाली टोकन नंबर पुकारले जात होते,
पासबुकाचं मशीन करकरत होतं,
आणि तात्या चार हजार तीनशे दहा रुपये
भरून पावती मागत होते.
बँक वरच्या मजल्यावर संपली होती
आणि खालच्या मजल्यावर अजून उघडी होती.

गुरुवारी सकाळी तात्या जिना चढून आले.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा. धाप लागलेली.
"बाई, लोक मला विचारतायत.
बँकेला नाही विचारत, मला विचारतात.
काय सांगू?"

तक्ता समोर होता. मी त्यावर वही ठेवली.
थांबा म्हणावं, तर खोटं.
काढा म्हणावं, तर दुपारपर्यंत खरंच सगळं संपेल,
आणि संपवणारी मी.
मी पाणी विचारलं. ते नको म्हणाले.
बराच वेळ त्या वहीकडे बघत राहिले,
मग बोटाची टोपी काढून खिशात टाकली.

नेहमीच्या वाटेनेच गेले ते,
मंडई, बोहरी आळी, तपकीर गल्ली,
रिकामी पिशवी घेऊन.
प्रत्येक दुकानापुढे थांबून एवढंच म्हणाले,
आज नको.

अडीच वाजता रांग सोन्या मारुतीपर्यंत गेली होती.
पुढून सातवी हसीना.

आता पाटीवर दुसऱ्याच बँकेचं नाव आहे.
पैसे मिळाले म्हणतात, बऱ्याच जणांना, बऱ्याच उशिरा.
चाळीस कोटी आधीच गेले होते, एका फोनवर.
लोक अजून वाद घालतात,
बँक तात्यांनी बुडवली की कसं.
मला कोणी विचारत नाही.
पेन्सिल मी घरी आणली. रबर तिथेच राहिलं.